भांड्याची जाडी कोण ठरवतं?

(कामोठे येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्राबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोल, पण समजेल असं बोल." मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते हे तुम्हाला माहीत आहे. पण माझी पदवी केमिकल इंजिनिअरिंगची आहे, आणि नोकरीतली बरीच वर्षं अशा सॉफ्टवेअरवर काम करण्यात गेली की जे वापरून रासायनिक कारखान्यांतल्या उपकरणांचे हिशोब होतात. रिअ‍ॅक्टर किती मोठा हवा, त्याचा पत्रा किती जाडीचा हवा, थंड करायला पाणी किती लागेल, वायू धुऊन काढायचा मनोरा किती उंच हवा, असे हे हिशोब. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

हा विषय निवडण्याचं कारण म्हणजे आपण जमलोय ती जागा. आपल्यापैकी निम्मे जण आता कामोठे, कळंबोली, खारघर, खांदेश्वर या पट्ट्यात राहतात. आपण शाळेत होतो तेव्हा इथे भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागरं होती. आज इथून खिडकीबाहेर पाहिलं तर इमारतींशिवाय काही दिसत नाही. पण त्या इमारतींच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर, तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. कासाडी नदी त्या वसाहतीतून वाहत येते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील त्या खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी पकडायचे. आणि आपल्यातलेच कितीतरी जण आज त्या कारखान्यांत कामाला आहेत. कोणी फिटर, कोणी शिफ्ट इन्चार्ज, कोणी लॅबमध्ये, कोणी कंत्राटदाराकडे. म्हणजे त्या भांड्यांच्या आत काय चाललंय याच्याशी आपला संबंध दोन्ही बाजूंनी आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. प्रत्येकाच्या घरात एक दाबाखाली चालणारं उपकरण असतंच. प्रेशर कुकर. त्यात पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. आता त्या कुकरच्या झाकणाकडे नीट पाहा. मधोमध शिट्टी असते. दाब ठरावीक वजनापेक्षा वाढला की ती उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलं तर? म्हणून बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. तो वितळतो आणि वाट मोकळी होते. तोही चालला नाही तर? म्हणून बऱ्याच कुकरच्या झाकणाच्या कडेला एक खाच ठेवलेली असते. दाब फार वाढला की रबरी गॅस्केट त्या खाचेतून बाहेर ढकललं जातं आणि वाफ तिथून निघून जाते.

हे तीन बंदोबस्त रोजचा भात शिजवण्यासाठी नाहीत. भात शिजवायला झाकण आणि शिट्टी पुरे. बाकीचे दोन एखाद्याच दिवसासाठी आहेत, जेव्हा काहीतरी बिघडलेलं असेल आणि समोर कोणीतरी उभं असेल. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. कारखान्यातल्या उपकरणाचं डिझाइन म्हणजे त्या बिघाडाच्या दिवसाचा हिशोब. रोजच्या दिवशी बहुतेक सगळीच भांडी चालतात.

आता पत्र्याच्या जाडीकडे येते. समजा दोन मीटर व्यासाचं एक उभं भांडं आहे आणि आतला दाब ६ बार धरायचा आहे. ६ बार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सहापट. दाब भांड्याला आतून फाडायला बघतो. पत्रा जितका जाड, तितका तो ताण वाटला जातो. आपल्याकडे यासाठी आयएस २८२५ हे १९६९ चं भारतीय मानक आहे आणि जगभर अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचं, म्हणजे एएसएमईचं कोड वापरतात. त्यातलं सूत्र दहावीच्या मुलाला सोडवता येईल इतकं सोपं आहे. दाब गुणिले व्यास, भागिले पोलादाला झेपणाऱ्या ताणाची दुप्पट. पोलादाला दर चौरस मिलिमीटरला १२० न्यूटन ताण चालतो असं धरलं, तर उत्तर पाच मिलिमीटर येतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. भांडं एका अखंड तुकड्याचं नसतं. पत्रा वाकवून वेल्डिंग करतात. वेल्डिंग पत्र्याइतकं भरवशाचं आहे का? सगळ्या सांध्यांचा एक्स-रे काढलात तर हो, पूर्ण मार्क. थोड्याच ठिकाणी एक्स-रे काढलात तर मानक म्हणतं, हा सांधा ८५ टक्केच धरा. अजिबात काढला नाहीत तर ७० टक्के धरा. म्हणजे ८५ टक्क्यांना जाडी येते ५.९ मिलिमीटर आणि ७० टक्क्यांना ७.२. ज्यानं तपासणी कमी केली, त्यानं पोलाद जास्त द्यायचं. मला हा नियम फार आवडतो. जिथे आपण नीट बघितलेलं नाही, तिथे आपण स्वतःवर कमी विश्वास ठेवायचा, असं तो सांगतो.

मग गंज. आतलं रसायन पत्रा खात असतं. वर्षाला ०.३ मिलिमीटर पत्रा जाईल असा अंदाज असेल आणि भांडं दहा वर्षं टिकायला हवं असेल, तर ३ मिलिमीटर पत्रा केवळ गंजायसाठी जादा घालायचा. म्हणजे ५.९ अधिक ३, झाले ८.९. बाजारात मिळणारा पुढचा पत्रा १० चा. भांडं तयार झालं की त्यात पाणी भरून डिझाइनच्या दाबाच्या १.३ पट दाब देतात, म्हणजे ७.८ बार, आणि कुठे पाझरतंय का ते बघतात. पाणीच का, हवा का नाही? कारण पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. चाचणीत भांडं फुटलंच तर पाणी फक्त वाहून जातं. दाबलेली हवा असती तर तुकडे उडाले असते. बिघाडाचा विचार चाचणीतसुद्धा आहे.

हे सगळं झाल्यावर भांड्यावर एक धातूची पट्टी लावतात, नेमप्लेट. त्यावर डिझाइनचा दाब, तापमान, चाचणीचा दाब, गंजासाठी ठेवलेली जाडी, तयार केल्याचं वर्ष कोरलेलं असतं. भांड्याचा जन्मदाखलाच तो. वरच्या उदाहरणातलं भांडं २००५ चं असेल आणि जाडी पुन्हा कधी मोजलीच नसेल, तर गंजासाठी ठेवलेले ते ३ मिलिमीटर कागदावर कधीच संपलेले आहेत. अल्ट्रासाउंडच्या यंत्रानं बाहेरून जाडी मोजता येते, भांडं उघडावंही लागत नाही. मोजायची इच्छा लागते.

हे नियम कोणी हौसेनं लिहिलेले नाहीत. २० मार्च १९०५ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी बुटांच्या एका कारखान्यातला बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. आधी त्या राज्यानं कायदा केला आणि पुढे १९१४-१५ मध्ये एएसएमईचं पहिलं बॉयलर कोड आलं. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात बॉयलरचा स्फोट झाल्यावर कायद्याला सुरुवात झाली आणि १९२३ मध्ये सगळ्या देशासाठी एक बॉयलर कायदा झाला. पत्र्याच्या सूत्रात जे आकडे आहेत, त्यातल्या प्रत्येक जादा मिलिमीटरमागे कुठेतरी अशी माणसं आहेत.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्याकडच्या कारखान्यांच्या दृष्टीनं पत्र्यापेक्षाही महत्त्वाची आहे. ती म्हणजे उष्णता.

लग्नाच्या पंगतीसाठी मोठ्या पातेल्यात केलेलं वरण दुपारी उतरवलं तरी संध्याकाळपर्यंत गरम असतं. तेच वाटीत वाढलं की दहा मिनिटांत निवतं. वरण तेच आहे. फरक आकाराचा आहे. प्रयोगशाळेत एक लिटरच्या चंबूत केलेली प्रक्रिया कारखान्यात ८००० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये करायची म्हटली, आणि आकार तसाच ठेवला, तर उंची आणि रुंदी वीसपट होते. बाहेरचा पृष्ठभाग वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० पट. पण आतला माल ८००० पट. उष्णता तयार होते मालात आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग एक विसांश उरला. चंबूत जी प्रक्रिया बर्फाच्या भांड्यात ठेवून निमूटपणे होते, तीच मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की आणखी वेग. थंड करणारं पाणी मात्र सरळ रेषेतच वाढतं, दुप्पट-चौपट होत नाही. एका ठरावीक बिंदूनंतर पाणी हरतं.

म्हणून रिअ‍ॅक्टरला बाहेरून जॅकेट घालतात, आत नळ्यांचं वेटोळं बसवतात, ढवळणारं यंत्र बसवतात. ढवळणं म्हणजे नुसतं फिरवणं नाही. पात्याचा आकार, वेग, तळापासूनची उंची यावर आत वायू आणि द्रव किती मिसळतील, उष्णता भिंतीपर्यंत किती पोहोचेल हे ठरतं. या शास्त्रात आपल्या मुंबईचं मोठं काम आहे. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे १९३३ साली सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग. आज त्याचं नाव आयसीटी आहे. तिथल्या जे. बी. जोशी, ए. बी. पंडित आणि एम. एम. शर्मा यांनी १९८२ मध्ये अशा ढवळणाऱ्या वायू-द्रव रिअ‍ॅक्टरांवर एक मोठा आढावा लिहिला, तो आजही जगभर वाचला जातो. अशा संशोधनातून आलेली सूत्रं आमच्यासारख्या लोकांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. अभियंता चार आकडे भरतो, बटण दाबतो आणि उत्तर येतं. पण ते उत्तर त्यानं भरलेल्या चार आकड्यांचंच असतं. "पंप बंद पडला तर?" हा प्रश्न त्यानं विचारला नाही, तर सॉफ्टवेअर स्वतःहून तो विचारत नाही.

हा प्रश्न न विचारण्याची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात टी-टू लॅबोरेटरीज नावाचा छोटा कारखाना होता. पेट्रोलमध्ये घालायचं एक द्रव्य ते बॅचमध्ये बनवायचे. मालक दोघं, एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक केमिकल इंजिनिअर. म्हणजे शिकलेली माणसं. मधेच त्यांनी बॅचचा आकार साधारण एक तृतीयांशानं वाढवला. १७४ बॅचेस निघाल्या. १९ डिसेंबर २००७ ला १७५ व्या बॅचमध्ये थंड करणारं पाणी नीट मिळेना. पाण्याची दुसरी सोय नव्हती. तापमान चढत गेलं. दाब बाहेर सोडणारी चकती होती, पण ती रोजच्या कामात जेवढा वायू निघतो तेवढ्याच हिशोबानं बसवलेली होती. प्रक्रिया हाताबाहेर गेल्यावर किती वायू निघेल हा हिशोब केलेलाच नव्हता. स्फोटात चार जण गेले, त्यांत एक मालकही होता. ३२ जखमी झाले आणि त्यातले बहुतेक कारखान्याबाहेरचे, आजूबाजूला काम करणारे लोक होते. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं चौकशीनंतर जी शिफारस केली, ती कॉलेजांनाही लागू होती. अशा प्रक्रियांचे धोके केमिकल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात शिकवा, असं त्यांनी सांगितलं.

मला यातला १७४ हा आकडा विसरता येत नाही. इतक्या वेळा काही झालं नाही म्हणजे डिझाइन बरोबर आहे, असं वाटणं किती साहजिक आहे! पण त्या १७४ बॅचेस रोजच्या दिवसाच्या होत्या. त्यांनी वाईट दिवसाबद्दल काहीच सिद्ध केलं नव्हतं.

मघाशी मी चकती म्हटलं, तिच्याबद्दल थोडं सांगते. तिला रप्चर डिस्क म्हणतात. धातूचा पातळ पत्रा, ठरावीक दाबाला फाटेल असा बनवलेला. रिअ‍ॅक्टर फुटण्याआधी तो फाटतो आणि आतला माल मोठ्या नळीतून एका सुरक्षित टाकीत जातो. आता मी सॉफ्टवेअरवाली आहे, तर तुम्हाला वाटेल मी म्हणेन, सेन्सर लावा, संगणकाला व्हॉल्व्ह उघडू द्या. ते लावावंच. बहुतेक वेळा तेच आधी वाचवतं. पण शेवटची राखण संगणकाच्या हाती द्यायची नसते. संगणकाला वीज लागते, केबल लागते, कोणी अलार्म बंद करून ठेवलेला नसावा लागतो. चकतीला काहीच लागत नाही. तिला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या धंद्यात चूक झाली तर रात्री बसून दुरुस्त करतात, सकाळी जुनं व्हर्जन परत लावतात. फुटलेल्या रिअ‍ॅक्टरचं जुनं व्हर्जन परत लावता येत नाही.

हे सगळं फ्लोरिडात घडलं, आपल्याला काय, असं म्हणायची सोय नाही. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, नोव्हेंबर १९९० मध्ये, आपल्याच जिल्ह्यात नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात गळती होऊन स्फोट झाला होता. तीसपेक्षा जास्त माणसं गेली. घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात त्याबद्दल बोलायची. अलीकडचं पाहा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला एक स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला दुसरा. दोन्ही वेळा दहापेक्षा जास्त जीव गेले आणि लांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखाने उभे राहिले तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. पुढे शहर त्यांना येऊन चिकटलं. भांड्याची जाडी तीच राहिली आणि कुंपणाबाहेरची माणसं वाढली. तळोजा आणि आपला हा पट्टा यांची कथा याहून फार वेगळी नाही.

आता वासाकडे येते, कारण इथे बसलेल्या बहुतेकांच्या मनात तोच प्रश्न आहे. कामोठे, कळंबोली, खारघरचे लोक वर्षानुवर्षं तक्रार करतात की रात्री उग्र वास येतो. कासाडीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळे झालेले कुत्रे दिसले, तेव्हा ही बातमी जगभर गेली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं एक कारखाना बंद करायला लावला. रंगाची पूड हवेत आणि पाण्यात जात होती. ती अडवायला कापडी पिशव्यांचे फिल्टर असतात, सांडपाणी साफ करायचा प्लांट असतो. तीही उपकरणंच आहेत. फरक एवढाच की त्यांतून विकायला काही निघत नाही.

आंबट, झोंबणारे वायू अडवायला स्क्रबर असतो. उंच मनोरा, आत प्लास्टिकच्या किंवा चिनी मातीच्या छोट्या कड्या भरलेल्या. वरून कॉस्टिकचं पाणी शिंपडतात, खालून वायू वर जातो. दोघं कड्यांवर भेटतात आणि वायू पाण्यात उतरतो. मनोऱ्याची रुंदी ठरते वायू किती येणार त्यावर आणि उंची ठरते वायू किती टक्के काढायचा त्यावर. हे दोन आकडे डिझाइनच्या दिवशी ठरतात. पुढे कोणी त्याच मनोऱ्याला आणखी दोन रिअ‍ॅक्टर जोडले, तर मनोरा आपोआप रुंद होत नाही. कॉस्टिक संपलं आणि कोणी तपासलं नाही, तर साधं पाणी शिंपडत राहतं. पंप बंद पडला आणि दुसरा पंप नसेल, तर मनोरा म्हणजे नुसतं धुराडं.

रात्रीच वास का येतो, याचं एक उत्तर हवेतही आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते, वारा पडतो. दिवसा जो वायू वर जाऊन पांगला असता तो रात्री जमिनीलगत रेंगाळतो. म्हणून तेवढाच वायू रात्री जास्त जाणवतो. रात्रीचा वास म्हणजे कोणीतरी मुद्दाम अंधारात सोडलाच, असं दरवेळी नसतं. पण यावरून कारखान्यांची सुटका होत नाही. रात्र रोज होते, ही काही अचानक आलेली आपत्ती नाही. मनोऱ्याचा हिशोब रात्रीच्या हवेसाठीच करायला हवा.

आता मुद्द्याचं. आपण काय करायचं?

जे कारखान्यात आहेत त्यांच्याशी आधी बोलते. पदवी लागत नाही, चार प्रश्न विचारा. आपल्या रिअ‍ॅक्टरची नेमप्लेट वाचता येते का, की रंगाखाली गेली? जाडी शेवटची कधी मोजली? पाणी किंवा वीज गेली तर थंड करायची दुसरी सोय कोणती, आणि ती शेवटची कधी चालवून पाहिली? आणि चौथा, बॅच मोठी केली, कच्चा माल बदलला, किंवा त्याच भांड्यात दुसरंच उत्पादन घेतलं, तेव्हा हिशोब पुन्हा केला का? आपल्याकडच्या छोट्या-मध्यम कारखान्यांत आज रंगाचा माल, उद्या औषधाचा, असं सर्रास चालतं. भांडं तेच असतं. चौथा प्रश्न सगळ्यात गैरसोयीचा आहे आणि सगळ्यात जास्त जीव तोच वाचवतो. ज्याला हा प्रश्न विचारल्यावर नोकरीची भीती वाटते, त्यानं तो एकट्यानं विचारू नये, चौघांनी मिळून सेफ्टी कमिटीत विचारावा, लेखी विचारावा. आणि आपल्यातले जे मालक झालेत, सुपरवायझर झालेत, त्यांना माझी विनंती आहे की हा प्रश्न विचारणाऱ्याला चहा पाजा.

आणि आपण कुंपणाबाहेरचे. भोपाळनंतर आपल्या देशात कायदे बदलले. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे नियम आले. त्या नियमांनुसार मोठा धोका असलेल्या कारखान्यानं आजूबाजूच्या लोकांना धोका काय आहे आणि अपघात झाल्यावर काय करायचं हे सांगायचं असतं. कारखान्याबाहेरची आपत्कालीन योजना जिल्हा प्रशासनाकडे असायला हवी. १९९६ च्या नियमांनुसार स्थानिक पातळीवरही संकट निवारण गट असतात. म्हणजे "तुमच्या टाकीत काय आहे आणि ती फुटली तर मी कुठे जाऊ?" हे विचारणं आगाऊपणा नाही. तो आपला हक्क आहे. आपल्या सोसायटीच्या किती सभांमध्ये पार्किंगवर भांडणं झाली आणि किती सभांमध्ये ही योजना मागवली गेली, ज्यानं त्यानं मनात मोजावं.

शेवटी एक प्रस्ताव ठेवते. या मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. पंखे द्या, कपाटं द्या, जरूर द्या. त्यासोबत एक करू या. वर्षातून एक दिवस, नववी-दहावीच्या मुलांसाठी, आपल्यातल्याच कारखान्यात काम करणाऱ्यांनी शाळेत यायचं. एक जुना कुकर उघडून दाखवायचा. घनफळ आणि पृष्ठफळाची गणितं रिअ‍ॅक्टरच्या आकड्यांनी सोडवून घ्यायची. वायुगळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनं चालायचं, ओलं फडकं नाकाला लावायचं, क्लोरीनसारखा जड वायू असेल तर खालच्या जागेत लपायचं नाही, हे शिकवायचं. खर्च जवळजवळ शून्य. या मुलांपैकी काही जण उद्या त्याच कारखान्यांत जाणार आहेत. काही त्यांचे हिशोब करणार आहेत. आणि सगळेच त्यांच्या शेजारी राहणार आहेत.

आपल्या गणिताच्या बाई फळ्यावर लिहायच्या, "उत्तराखाली एकक लिहा." एकक नसलं की अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा राग यायचा. आज मी रोज पाहते की बार आणि पास्कल यांची गल्लत झाली तर जाडी लाखपटीनं चुकते. बाई समोर बसल्या आहेत, त्यांना सांगते, तुमचा तो अर्धा मार्क आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अजूनही कापला जातो.

भांड्याची जाडी कोण ठरवतं, असं मी शीर्षक दिलं होतं. सूत्र ठरवतं, मानक ठरवतं, अभियंता ठरवतो, हे खरं आहे. पण भांडं वीस वर्षांनी किती जाडीचं उरलं आहे, हे ते मोजायला लावणारी माणसं ठरवतात. ती माणसं कारखान्याच्या आतही असावी लागतात आणि बाहेरही. दोन्हीकडची आज या सभागृहात आहेत, म्हणून हे बोलले.